बसलेल्या बॅटरीवर टिपर चालू करायचा कसा: कपॅसिटर आणि हवेच्या सेल्फच्या प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२४, वणी

एकाच बनावटीचे, एकाच वर्षाचे दोन टिपर कामाला घेतले. मॉडेल २०१३, बीएस-३, सहा सिलिंडर, ५.९ लिटर, इनलाइन पंप, २४ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या. एक पिवळा, एक निळा; पुढे याच नावांनी नोंद. पिवळ्यावर कपॅसिटर (वीज साठवून एकदम सोडणारे सेल) आणि निळ्यावर हवेचा सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) बसवायचा.

थंडीमुळे सेल्फ फिरत नाही ही तक्रार लडाखची. आपल्या कोळसा पट्ट्यात बॅटरी मरते ती उन्हाने. पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजते, पाणी उडते. साधारण हिशेब असा, की बॅटरीचे तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्म्यावर येते. त्यात वजनकाट्यावर, लोडिंगला, रांगेत मिळून दिवसाला पंचवीस-तीस वेळा इंजिन बंद-चालू. दोन सेल्फच्या मधल्या वेळात अल्टरनेटरला भरपाई करायला सवड मिळत नाही.

बॅटरी बसली की टोचन लावून ओढायची सवय सगळीकडे आहे. पण गाडी रात्रभर उभी असेल आणि हवा गळून गेली असेल तर मागची स्प्रिंग ब्रेक जाम असतात. साधारण साडेपाच-सहा बार दाबाची हवा आल्याशिवाय ती सुटत नाहीत आणि हवा इंजिन चालल्याशिवाय येत नाही. अशा गाडीला ओढणे म्हणजे लॉक झालेली चाके फरपटत नेणे. मग कुणीतरी गाडीखाली शिरून पान्याने स्प्रिंग मागे घेतो, तेही कधी कधी उतारावर. माणूस चिरडतो तो अशाच वेळी. या कामामागचे खरे कारण हे आहे.

५ मार्च

नवे काही बसवण्याआधी जुने सर्किट मोजले. पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडचा (डिझेल सोडणाऱ्या विजेच्या खटक्याचा) प्लग काढला, म्हणजे इंजिन पेटणार नाही. क्रॅंक पुलीवर चमकती पट्टी चिकटवून लेझर टॅकोमीटर लावला. पाच सेकंद सेल्फ.

पिवळा: उभ्या स्थितीत २४.९ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंटीवर १९.१, सेल्फच्या बोल्टवर १६.८. प्रवाह ३६० ॲम्पिअर, पहिला झटका ८२० च्या आसपास. इंजिन १०५ आरपीएम.

म्हणजे २.३ व्होल्ट नुसत्या केबलमध्ये जातात. फोड करून पाहिली: प्लस बाजूला ०.९, अर्थ (मायनस) बाजूला १.४. मीटरची पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवायची, क्लॅम्पवर नाही; क्लॅम्पवर टेकवली तर खुंटी आणि क्लॅम्प यांच्यातला बिघाड मोजमापातून निसटतो.

अर्थची केबल चासीवर रंगाच्या थरावर बोल्टने आवळलेली होती आणि चासी ते इंजिन एक विणलेली पट्टी, निम्म्या तारा तुटलेल्या. चासीचा भरवसा सोडून दिला. ७० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल बॅटरीच्या मायनसपासून थेट सेल्फच्या बसवणीच्या बोल्टपर्यंत नेली. प्लसलाही तीच. थिंबल (केबलच्या टोकाची कडी) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबले, हातोडीने नाही. जागा सॅंडपेपरने पांढरीशुभ्र, दातेरी वॉशर, वरून पेट्रोलियम जेली. चासीची जुनी पट्टीही नवी करून ठेवली, कारण दिवे आणि भोंग्याची अर्थ तिथूनच आहे.

पुन्हा मोजले. प्रवाह ३९० ॲम्पिअर, दोन्ही केबल मिळून फक्त ०.७ व्होल्ट, सेल्फवर १८.०, इंजिन ११८ आरपीएम. केबलचा अडथळा ६.४ मिलीओहमवरून १.८ वर आला. २४ व्होल्टच्या गाडीला दोन मिलीओहमच्या आत असावे.

बॅटरीचा स्वतःचा अडथळा मात्र १६ मिलीओहम निघाला. बऱ्या अवस्थेतल्या जोडीचा याच्या निम्म्याच्या आसपास असतो. ॲम्पिअर-तास शिल्लक आहेत, पण एकदम द्यायची ताकद संपली आहे. दिवे लख्ख लागतात आणि सेल्फ नुसता टक करतो, ती हीच अवस्था.

निळ्यावरही हेच केबलचे काम केले.

९ मार्च

कपॅसिटरचा हिशेब. सेल २.७ व्होल्ट, ३००० फॅरड, ओळीत बारा. ओळीत लावले की फॅरड बाराने भागायचे: २५० फॅरड. एका सेलचा अडथळा ०.२९ मिलीओहम, बारांचा साडेतीन. वजन साधारण सहा किलो, तर इथली एक बॅटरी ४० किलोच्या पुढे.

२८ व्होल्टला साठा: अर्धा × २५० × २८ × २८, म्हणजे ९८,००० ज्यूल. एका सेल्फला सुमारे २० हजार ज्यूल लागतील असे धरले. पहिल्या सेल्फनंतर २५ व्होल्ट, दुसऱ्यानंतर २१.५, तिसऱ्यानंतर १७.४. दोन पक्के, तिसरा इंजिन गरम असेल तर.

बाजारात ५०० फॅरडच्या सेलची स्वस्त पट्टी मिळते. बारांचे ४२ फॅरड होतात. २८ वरून १८ व्होल्टपर्यंत उतरताना साडेनऊ हजार ज्यूल हाती लागतात. म्हणजे जेमतेम सेकंदभर. ती मोटारसायकल आणि छोट्या कारची वस्तू, टिपरची नाही. वाईट बॅटरीच्या जोडीला लावून थोडी मदत होते, पण एकट्याने ती हे इंजिन उचलणार नाही.

जोडणी अशी ठरली: सेल्फची जाड केबल फक्त कपॅसिटरवर. बॅटरीवर बाकी सगळे: दिवे, भोंगा, स्टॉप सोलेनॉइड. दोघांच्या मध्ये १० ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर, जो बॅटरी २० व्होल्टवर आली तरी कपॅसिटर ठरवलेल्या दाबापर्यंत (व्होल्टपर्यंत) चढवतो. कपॅसिटर थेट बॅटरीला समांतर जोडायची पद्धतही आहे, सोपीही आहे. पण त्यात बसलेली बॅटरी कपॅसिटरलाही आपल्याबरोबर खाली घेऊन जाते आणि मग मूळ अडचण जशीच्या तशी राहते.

सेल्फच्या सोलेनॉइडची तारही किल्लीतून सरळ न देता रिलेमार्फत कपॅसिटरवरून घेतली. किल्ली फक्त रिले ओढते. बॅटरी अशक्त असताना सोलेनॉइड अर्धवट ओढून टकटक करतो, ते यामुळे टळते.

१३ मार्च

बारा सेलचा गठ्ठा बांधला. प्रत्येक सेलवर समतोल राखणारी पट्टी, जी सेल वर गेला की जादा चार्ज उतरवते. ही नसेल तर बारातला एखादा सेल २.७ च्या वर जातो, फुगतो आणि बाकीच्यांना घेऊन जातो. आधी प्रत्येक सेल वेगळा मोजून सगळे शून्याला आणले.

रिकामा कपॅसिटर थेट बॅटरीला लावणे म्हणजे पाना आडवा टाकण्यासारखे आहे. पहिली भरणी बल्बमधून केली: २४ व्होल्ट ७० वॉटचे हेडलाइटचे दोन बल्ब समांतर आणि ते कपॅसिटरच्या प्लसमध्ये ओळीने. सुरुवातीला दोन्ही बल्ब पूर्ण उजेडात. पंधरा-वीस मिनिटांत उजेड पिवळट झाला. चाळीस मिनिटांनी काचेच्या आत फक्त लालसर तार दिसत होती, तळहात धरला तर ऊबही नाही. तार विझली की दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला. मग चार्जर जोडला.

उतरवतानाही तेच बल्ब, उलट दिशेने; बल्ब विझल्यावर दोन टोकांना तार बांधून ठेवायची. कपाटात ठेवलेला कपॅसिटर तार न बांधता ठेवला तर दोन-तीन व्होल्ट पुन्हा आपोआप वर येतात.

अंगठी, कडे, गळ्यातली साखळी काढूनच या गठ्ठ्याला हात लावायचा. भरलेल्या कपॅसिटरवर पाना पडला तर तो चिकटून वितळतो. यात फ्यूज बसत नाही, कारण सेल्फचाच झटका हजाराच्या पुढे असतो. म्हणून दोन्ही खुंट्यांवर रबरी टोप्या आणि मायनसला कटआउट स्विच.

१५ मार्च

पहिला सेल्फ. चार्जर २८ व्होल्टवर होता. क्लॅम्प मीटरची हद्द १,००० ॲम्पिअर, पहिल्या झटक्याला आकडा हद्दीबाहेर. इंजिन लगेच लागले, पण पिनियन (सेल्फचा छोटा गिअर) इंजिनाच्या दातेरी रिंगवर आदळल्याचा आवाज कानाला खटकला. २८ व्होल्ट आणि एवढा कमी अडथळा एकत्र आले की सेल्फला जन्मात मिळाला नाही एवढा प्रवाह मिळतो. आर्मेचर सोसेल, पण पिनियनचे दाते आणि रिंगची धार महिन्याभरात खाल्ली जाईल.

चार्जर २५.५ व्होल्टवर आणला. साठा ८१ हजार ज्यूल उरतो, तो पुरेसा आहे. दर सेलवर २.१२ व्होल्ट येतात आणि सेलचा दाब जितका कमी तितके त्याचे आयुष्य जास्त. पुन्हा सेल्फ: १६० आरपीएम, १.८ सेकंदांत इंजिन चालू. कपॅसिटर २५.५ वरून २२.६ वर. चार्जरने सव्वा मिनिटात परत भरला.

चार्जर काढून ठेवून सलग तीन सेल्फ मारले: २२.६, १९.३, १५.७. तिसऱ्याला इंजिन ११० आरपीएमने फिरले आणि गरम असल्यामुळे लागले. कागदावरचा हिशेब आणि मीटर इतके जवळ आले की बाकीच्या गाड्यांसाठी याच सूत्रावर विसंबायला हरकत नाही.

१९ मार्च

चूक सापडली. चार दिवसांत पिवळ्याची बॅटरी २४.९ वरून २४.१ वर. चार्जिंगचा दिवा विझलेला, अल्टरनेटर ठीक. कपॅसिटरवर मात्र २८.२ व्होल्ट, जिथे २५.५ हवे.

या बनावटीत अल्टरनेटरची जाड तार बॅटरीला जात नाही. ती सेल्फच्या मोठ्या बोल्टवर येते आणि तिथून सेल्फच्याच केबलने बॅटरीपर्यंत पोचते. सेल्फची केबल बॅटरीवरून काढून कपॅसिटरला लावली तेव्हा अल्टरनेटरही कपॅसिटरकडे गेला. चार्जर एकाच दिशेने चालतो, बॅटरीकडून कपॅसिटरकडे. बॅटरीला कुणी देणारे उरलेच नाही.

दुरुस्ती: अल्टरनेटरची तार सेल्फच्या बोल्टवरून सोडवली, २५ चौरस मिलिमीटरची नवी तार फ्यूजसह थेट बॅटरीच्या प्लसला. संध्याकाळपर्यंत बॅटरीवर २७.९. असे काम करणाऱ्याने सेल्फच्या बोल्टवर किती थिंबल आहेत ते आधी मोजावे. एकाहून जास्त असतील तर प्रत्येक तार कुठे जाते ते हाताने धरून शोधावे.

२ एप्रिल

निळ्याचे काम सुरू. हवेचा सेल्फ म्हणजे पात्यांची हवेची मोटर, पुढे गिअर आणि पिनियन. त्याचे मोठे गुण दोन. मोटर अडकली तरी जळत नाही. विजेच्या सेल्फला तीस सेकंदांच्या वर फिरवले तर तो धूर सोडतो. आणि ठिणगी नाही, म्हणून वायूचा धोका असलेल्या भूमिगत खाणीत डिझेल यंत्रांना हवेचा, हायड्रॉलिकचा किंवा स्प्रिंगचा सेल्फ लावतात. खाणीतल्या मोठ्या डंपरांनाही हवेचा सेल्फ बसवलेला दिसतो. टी-७२ रणगाड्याच्या इंजिनालाही विजेबरोबर हवेने चालू करायची सोय आहे, पण तिथे उच्च दाबाची हवा सरळ सिलिंडरमध्ये सोडतात, पद्धत वेगळी.

त्याची मेख हवेच्या साठ्यात आहे. या मोटरचा खप ६ बारला मिनिटाला ९ घनमीटर मुक्त (वातावरणाच्या दाबातली) हवा, म्हणजे सेकंदाला १५० लिटर. दोन सेकंदांचा सेल्फ धरला तर ३०० लिटर. टाकीतला एक बार म्हणजे टाकीच्या आकाराइतकी मुक्त हवा. ८० लिटरच्या टाकीतून एका सेल्फला पावणेचार बार जातात: ८.१ वरून साडेचारच्या खाली. तिथून पुढे मोटर फिरते, इंजिन लागत नाही. ६० लिटरच्या दोन टाक्या घेतल्या तर अडीच बार जातात: ८.१, ५.६ आणि मग ३.१. म्हणजे एक सेल्फ भक्कम, दुसरा कुथत. तीन सेल्फ हवेत असे म्हटले तर टाकी एवढी मोठी होते की टिपरच्या चासीवर जागाच नाही.

१२० लिटर ठरले. ब्रेकसाठीच बनलेल्या टाक्या घेतल्या, पाण्याने १२ बारला दाबून पाहिल्या. गॅसचे किंवा कुठले जुने सिलिंडर कापून टाकी बनवायची नाही.

५ एप्रिल

हवा कुठून घ्यायची, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय.

ब्रेकच्या टाकीला टी मारून सेल्फला हवा देता येते, ते स्वस्त पडते, आणि तसे केलेले पाहण्यात आहे. तसे कधीही करू नये. उतारावर गाडी बंद पडली, ड्रायव्हरने दोनदा सेल्फ मारला, की त्याच्या पायाखालची ब्रेकची हवा निघून गेली. सेल्फ लागला नाही तर गाडी उभी राहते, ब्रेक लागला नाही तर ती उभी राहत नाही.

इथली जोडणी: चार सर्किटच्या प्रोटेक्शन व्हॉल्व्हवर (वेगवेगळ्या सर्किटांना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्हवर) २१ आणि २२ ही पायाच्या ब्रेकची तोंडे, २३ पार्किंगचे, २४ जादा कामांचे. २४ वरून घेतले. पुढे साडेसहा बारला उघडणारा आणखी एक प्रोटेक्शन व्हॉल्व्ह, त्यानंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मग सेल्फच्या टाक्या. ब्रेकला साडेसहा बार मिळाल्याशिवाय सेल्फच्या टाकीत हवा शिरत नाही, आणि शिरलेली हवा परत जात नाही. चाचणी: सेल्फच्या टाकीची चावी पूर्ण उघडी सोडून दिली. ब्रेकचे दोन्ही काटे हलले नाहीत.

टाकीला बाहेरून हवा भरायचा निपलही बसवला. गाडी पूर्ण रिकामी पडली तरी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवरून किंवा दुसऱ्या टिपरच्या टायर भरायच्या नळीवरून ती भरता येते. 

११ एप्रिल

बसवणी. रिंगचे दाते मोजले, पिनियनचा मॉड्यूल (दात्यांचे माप) जुळवला, बेल हाउसिंगच्या तोंडापासून रिंगच्या कडेपर्यंतचे अंतर जुन्या सेल्फशी ताडून पाहिले. दात्यांतला खेळ अर्धा मिलिमीटर. फिरण्याची दिशा दोनदा तपासली. उलट्या दिशेची मोटरही त्याच बोल्टांवर बसते.

पहिला प्रयत्न फसला. टाकीत ७.८ बार, इंजिन ८० आरपीएम. सेल्फच्या तोंडावर काटा लावला: चालताना ३.४ बार. पाऊण इंचाची नळी वापरली होती. जवळपास साडेचार बार नळीतच गेले. दीड इंचाची नळी, कमीत कमी वळणे, रिले व्हॉल्व्ह (बटण दाबले की मोठी हवा सोडणारा) सेल्फला लागून. आता सेल्फवर ६.६ बार, इंजिन १९० आरपीएम. विजेच्या सेल्फने हे इंजिन कधी इतक्या वेगाने फिरले नव्हते.

रिले व्हॉल्व्हच्या आधी जाळीचा फिल्टर. नळी कापताना उडालेला रबराचा एक तुकडा पात्यात अडकला की मोटर गेली.

१६ एप्रिल

रिंगचे दोन दाते टोकाला झिजलेले दिसले. पिनियन आधी रिंगमध्ये शिरायला हवा, मग मोठी हवा सुटायला हवी. पिनियन ढकलणारी बारीक नळी लांबून फिरवून आणली होती आणि एका क्लिपखाली चेपली होती. हवा उशिरा पोचत होती, तोवर मोटर फिरायला लागलेली. नळी बदलून सरळ आणि आखूड केली. रिंगच्या टोकाच्या धारा कानशीने गोल केल्या. त्यानंतर पन्नास सेल्फ मारून पाहिले, नवी खूण नाही.

२२ एप्रिल

बॅटरीची तार सोडून, म्हणजे पूर्ण मेलेल्या बॅटरीची नक्कल करून निळा चालू करायचा प्रयत्न. इंजिन झकास फिरले, लागले नाही. सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही. फिरणाऱ्या इंजिनातून पांढरा धूर आला तर डिझेल पोचते आहे. काहीच नाही तर डिझेलच नाही.

कारण स्टॉप सोलेनॉइड. या पंपाला डिझेल सोडायला वीज लागते: ओढताना वीसेक ॲम्पिअर, धरून ठेवायला एकाहून कमी. बॅटरी नाही तर पंप बंद. हवेचा सेल्फ बसवून वर ही अट राहिली तर केलेले सगळे फुकट. सोलेनॉइड काढून केबलने ओढायचा जुन्या पद्धतीचा स्टॉप बसवला. मग बॅटरीशिवाय इंजिन लागले. लगेच बंद केले, कारण बॅटरी न जोडता अल्टरनेटर फिरवला तर त्याचा दाब उसळून रेग्युलेटर आणि डायोड जाऊ शकतात. मेलेली का होईना, बॅटरी जोडलेली ठेवायची.

बीएस-६ आणि बहुतेक बीएस-४ गाड्यांना हा मार्गच नाही. तिथे इंजेक्टर ईसीयूच्या (इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या) हुकमावर उघडतात आणि ईसीयूला वीज लागतेच.

३ मे

शेडमध्ये सावलीत ४४ अंश. पिवळ्याचा कपॅसिटर बॅटरीच्या पेटीत, सायलेन्सरच्या बाजूला होता. गाडी थांबवल्यावर वीस मिनिटांनी गठ्ठ्याच्या अंगावर ६८ अंश. या सेलची मर्यादा ६५. चालत्या गाडीत वाऱ्याने ठीक असते, थांबल्यावर उष्णता चढते, म्हणून मोजणी थांबल्यानंतरच करायची. गठ्ठा केबिनच्या मागे डाव्या चासीवर हलवला, मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा आणि दोन बोटे हवेची जागा. आता ५२. केबल सव्वा मीटरने वाढली, अडथळा ०.३ मिलीओहमने, चालेल.

१४ मे

निळा तीन आठवडे एका जागी उभा होता. सेल्फ मारला तर पहिल्यांदा नुसता फुस्स. पाती खाचेत चिकटलेली. हवेच्या मोटरला दर वेळी थोडे वंगण लागते. ल्युब्रिकेटर डिझेलच्या रिटर्न लाइनवर जोडला. दर सेल्फला थेंबभर डिझेल हवेबरोबर आत जाते. ऑइलपेक्षा हे बरे, कारण पातळ राहते आणि बाटली भरायची आठवण ठेवावी लागत नाही.

बाहेर पडणाऱ्या हवेचा आवाज कान फाडणारा आहे. सायलेन्सर बसवला, तोंड खाली आणि मागे, केबल व माणसाच्या उभे राहण्याच्या जागेपासून दूर. बोनेट उघडे ठेवून सेल्फ मारताना कानात बोळे.

ड्रायव्हरला सांगायचे एकच: इंजिन लागताक्षणी बोट उचल. बटण दाबून धरले तर भार गेलेली मोटर सुसाट जाते, आणि हवाही वाया.

१० जून

गळती. रात्रीत ८.० वरून ६.९ होत होते. साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासले, जोड घट्ट होते. गळत होता रिले व्हॉल्व्ह: सीटवर गंजाचा कण. सील बदलले, टाकीच्या तोंडाशी बॉल व्हॉल्व्ह बसवला, गाडी उभी करताना तो बंद करायचा. आता चोवीस तासांत ०.१५ बार.

८ जुलै

एकवीस दिवस दोन्ही गाड्या उभ्या ठेवून केलेली चाचणी.

पिवळा: चार्जर आणि कटआउट दोन्ही बंद ठेवले होते. कपॅसिटर २५.५ वरून २२.८ वर, बॅटरी २४.५. चार्जर लावला, सव्वा मिनिट थांबलो, पहिल्या सेल्फला इंजिन चालू. मग बॅटरी मुद्दाम २२ व्होल्टपर्यंत उतरवली, जिच्यावर नुसता सेल्फ टकटक करतो. चार्जरने कपॅसिटर भरला, इंजिन चालू.

निळा: टाकीत ५.१ बार. पहिला सेल्फ सुरुवातीला १४० आरपीएम, मग उतरत गेला, इंजिन लागले नाही. टायर भरायच्या नळीने आठ मिनिटांत ७.९ बार केले, मग लगेच लागले. म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त उभ्या राहणाऱ्या गाडीला केवळ हवेवर सोडायचे नाही. रोज चालणाऱ्या गाडीला हरकत नाही. रिकामी टाकी मंद आरपीएमला आठ मिनिटांत आणि चालत्या गाडीत चारच्या आत भरते.

पावसाळ्यात टाकीतून रोज अर्धी वाटी पाणी निघते आहे. ड्रेनची साखळी रोज सकाळी ओढायची. हवेतले पाणी शोषणाऱ्या ड्रायरचे काडतूस बदलले, तेव्हा पाणी निम्म्यावर आले.

१९ जुलै

तिसरी गाडी बीएस-४, २०१८ ची. स्टॉप सोलेनॉइड नाही, ईसीयू आहे. सेल्फ मारताना ईसीयूच्या तोंडावर मोजले: जुन्या बॅटरीवर १५.२ व्होल्टपर्यंत घसरण, इंजिन फिरते पण दोन-तीन फेरे उशिरा पेटते. कपॅसिटर तात्पुरता वायरींनी जोडून पाहिले, तेव्हा सेल्फचा भार बॅटरीवर उरला नाही. ईसीयूवर सबंध वेळ २३.८ आणि इंजिन दुसऱ्या फेऱ्याला पेटले. या गाडीला हवा नाही, कपॅसिटरच. अल्टरनेटरची तार इथेही सेल्फच्या बोल्टवर आहे. ती आधी हलवायची. बारा सेल, समतोल पट्टी, ७० चौरस मिलिमीटरची केबल चार मीटर आणि कटआउट एवढे सामान सोमवारपर्यंत.